ओन्ली मर्डर्सचा पाचवा सिझन: दर मंगळवारी एकेक भाग, की सगळे आल्यावर एकदम?

गिरणाकाठ | ९ सप्टेंबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, शनिवारी गणपती गेले, घर ओकंबोकं झालंय, आणि आज ‘ओन्ली मर्डर्स इन द बिल्डिंग’चा पाचवा सिझन जिओहॉटस्टारवर आला. पहिले तीन भाग एकदम टाकलेत, पुढचे सात दर मंगळवारी एकेक. म्हणजे शेवटचा २८ ऑक्टोबरला, दिवाळी उलटल्यावर.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये अर्कोनिया नावाची जुनी, भलीमोठी इमारत. तिथले तीन रहिवासी. चार्ल्स हा लोक विसरून गेलेला टीव्हीवरचा पोलीस (स्टीव्ह मार्टिन), ऑलिव्हर हा कर्जात बुडालेला नाटकाचा दिग्दर्शक (मार्टिन शॉर्ट) आणि मेबल ही त्यांच्या नातीच्या वयाची, कमी बोलणारी मुलगी (सेलेना गोमेझ). वर्षानुवर्षं एकाच लिफ्टमधून जातात, पण एकमेकांचं नाव माहीत नाही. इमारतीत खून होतो आणि तिघं मिळून त्याचा शोध घेत पॉडकास्ट करायला लागतात. २०२१ पासून चालू आहे. सिझनला दहा भाग, भाग साधारण अर्ध्या तासाचा. हसवतेही आणि खुनी कोण म्हणून झोपही उडवते.

पहिले चारही सिझन मी आणि माझ्या बहिणीने एका बैठकीत पाहिले. पहाटे चारला चहा करून. यंदा ती लग्न होऊन पुण्याला गेली. आता घरात मी आणि आई. आई म्हणते, मलाही बघायचंय, पण इंग्रजी झरझर वाचता येत नाही, थांबवून थांबवून सांग.

तर प्रश्न असा: रहस्यकथा दर आठवड्याला एकेक घास खावी, की पंगत वाढून झाल्यावर एकदम बसावं? तुम्ही कसं बघणार, आणि कोणासोबत?

जंक्शन_भुसावळ | ९ सप्टेंबर, रात्री ९.५८

रुमाल टाकून ठेवतो. ड्युटी संपली की रनिंग रूमवर, म्हणजे रेल्वेच्या गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या खोलीत, बघतो आणि लिहितो.

दादरची_भाकर | ९ सप्टेंबर, रात्री १०.२०

मी एकदमवाला. २८ ऑक्टोबरपर्यंत हात लावणार नाही.

कारण सांगतो. रहस्यकथेत लेखक धागा पहिल्या भागात टाकतो आणि सातव्यात ओढतो. मधे सहा मंगळवार गेले तर तो धागा माझ्या डोक्यातून निसटलेला असतो. माझं डाळीचं दुकान आहे, दिवसभर भाव, पोती, हमाल. दुसऱ्या सिझनला आठवड्याने बघत होतो, पाचव्या भागात एक बाई आली, सगळे दचकले आणि मी बायकोला विचारतोय, ही कोण. सलग बघितलं की लेखकाने कुठे फसवलं ते कळतं, आणि तो आनंद मला जास्त मोठा वाटतो.

निवृत्त_बाई_अमळनेर | १० सप्टेंबर, सकाळी ६.१५

गिरणाकाठ, आईंना अवश्य दाखव आणि दर मंगळवारीच दाखव.

मी ६८ वर्षांची आहे. १९८५ साली दूरदर्शनवर ‘करमचंद’ लागायची. पंकज कपूर गाजर खात खात खुनी शोधायचा. आमच्या गल्लीत तेव्हा दोनच टीव्ही. भाग संपला की सगळ्या बाया आमच्या ओट्यावर. कोणाचा संशय कोणावर, का, त्या माणसाने हात का लपवला, दार कोणी उघडं ठेवलं. निवडायला घेतलेले गहू निवडून व्हायचे आणि बोलणं संपायचं नाही. धुणं धुताना नळावर पुन्हा तेच. त्या आठवडाभराच्या बोलण्यात मला माझ्या शेजारणी कळल्या. जी नेहमी सुनेवर संशय घ्यायची, तिच्या घरात काय चाललंय हेही कळलं.

दादरची भाकर, तुमचा धागा निसटतो कारण तुम्ही एकटे बघता. चार जणींनी बघितलं तर चौघींना मिळून सगळं आठवतं.

आता नात मला ही मालिका दाखवते. इंग्रजी मला शाळेपुरतं येतं, ती लोकं फार भराभरा बोलतात. म्हणून मी संवादाच्या मागे लागत नाही, चेहरे बघते. एक बोलत असताना बाकीचे काय करतात ते बघते. वर्गात पेन्सिल कोणी चोरली हे मी ३१ वर्षं असंच ओळखलं. आणि स्टीव्ह मार्टिन गेल्या महिन्यात ८० वर्षांचा झाला, मार्टिन शॉर्ट ७५ चा. १९८६ मध्ये एका सिनेमात एकत्र आले तेव्हापासूनची त्यांची दोस्ती आहे. पडद्यावरची त्यांची चिडवाचिडवी खोटी वाटत नाही ती त्यामुळेच. आमच्या वयाच्या माणसांना कोणी कथेच्या मधोमध बसवलं तर फार बरं वाटतं.

पांझरा | १० सप्टेंबर, सकाळी ९.०५

बाईंना दंडवत. चेहऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के.

आमची आजी कापडण्याची, वय ८४. इंग्रजीचा एक शब्द येत नाही. काल माझ्यामागे खाटेवर बसून पहिला भाग पूर्ण बघितला. सुरुवातीला विचारलं, “कोन मरना?” म्हटलं, वॉचमन. मग अर्धा तास गप्प. शेवटी एका पात्राकडे बोट करून म्हणाली, “हाऊ भलता गोड बोलस. याना भरोसा नको.”

कोणाकडे बोट केलं ते लिहीत नाही. तारीख टाकून वहीत लिहून ठेवलंय.

खटका | १० सप्टेंबर, दुपारी १.३०

पहिल्या सिझनलाच मला दुसऱ्या भागात कळलं होतं की खुनी म्हणजे . त्यामुळे आता फार मजा येत नाही.

(संपादन: खुन्याचं नाव काढलं आहे. जुन्या सिझनचंही नाव लिहू नये, धाग्यावर नवीन माणसं आहेत. – संपादक)

खटका | १० सप्टेंबर, दुपारी २.१०

चार वर्षं झाली त्याला! मग महाभारतात कर्ण कोणाचा मुलगा तेही सांगायचं नाही का?

केळीचा_घड | १० सप्टेंबर, दुपारी २.४५

खटका भाऊ, मी संपादकांच्या बाजूने. महाभारत आपण शेवट माहीत असूनही ऐकतो, कारण तिथे ओढ वेगळी असते. इथे दहा भाग लेखकाने जिवापाड जपलेली एकच गोष्ट आहे. मी रावेर तालुक्यातला, आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी धड नेट नव्हतं. ज्याने आज पहिला सिझन लावला त्याच्यासाठी तो आजचाच आहे.

गिरणाकाठ | १० सप्टेंबर, दुपारी ३.२०

तर नियम ठरला: कुठल्याही सिझनचा खुनी लिहायचा नाही. मेलेला कोण ते लिहिलेलं चालेल, ते पहिल्याच भागात कळतं.

काल पहिला भाग आईसोबत बघितला, ३५ मिनिटांचा भाग दीड तास चालला. चौथ्या सिझनच्या शेवटी ऑलिव्हरच्या लग्नाच्या दिवशी चौकातल्या कारंज्यात लेस्टर मेलेला सापडतो, तिथून हा सिझन सुरू होतो. लेस्टर म्हणजे दारावरचा माणूस, इतकी वर्षं दार उघडून नमस्कार करणारा. पोलीस म्हणतात अपघात. तिघांना पटत नाही.

आईचा पहिला प्रश्न: “इतक्या श्रीमंत लोकांच्या बिल्डिंगमध्ये वॉचमनचा पाय घसरला म्हणून सगळ्यांनी मान्य केलं?”

हवालदार_निवृत्त | १० सप्टेंबर, संध्याकाळी ७.००

आईंचा प्रश्न अचूक आहे. ३४ वर्षं नोकरी केली म्हणून लिहितो.

असा मृतदेह मिळाला की आपल्याकडे आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. पंचांसमोर इन्क्वेस्ट पंचनामा, मग शवविच्छेदन. घातपात दिसला तर पुढे खुनाचा गुन्हा. अकस्मात मृत्यू म्हणजे निकाल नव्हे, ती चौकशीची सुरुवात असते. पण ती चौकशी किती खोल जाते हे बऱ्याचदा मेलेल्याचं कोणी ठाण्यात येऊन बसतं का, यावर ठरतं. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. विहिरीत सापडलेल्या सालदाराच्या मागे विचारणारं कोणी नसतं.

या मालिकेत तिघं ते काम करतात. ते पुरावे हाताने उचलतात, सील नाही, पंच नाही, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. पण कोणीतरी विचारत राहतं हे मला फार भावतं.

नंदुरबारची_मिरची | ११ सप्टेंबर, सकाळी ११.१०

वेगळं मत मांडते. मरण आणि विनोद एकत्र मला झेपत नाही. पहिल्या सिझनचे तीन भाग बघून सोडली. कोणाचा तरी मुलगा मेलाय आणि तिघं विनोद करतात.

निवृत्त_बाई_अमळनेर | ११ सप्टेंबर, दुपारी ४.३०

मिरची बाळा, तुझं म्हणणं समजतं. माझ्या यजमानांच्या दहाव्याला नदीवरून आल्यावर माझे दीर ओसरीवर बसले आणि यजमानांनी एकदा चुकून दुसऱ्याच्या लग्नात जाऊन आहेर कसा दिला ते सांगायला लागले. सगळी ओसरी हसली. मी आत होते, तोंडाला पदर लावून हसले आणि तिथेच पहिल्यांदा मोकळी रडले. तोवर नऊ दिवस डोळे कोरडे होते.

या मालिकेत हसू आहे ते मेलेल्याला नाही, उरलेल्यांना आहे. तू पहिल्या सिझनचा सातवा भाग बघ, मग सांग.

पऱ्हाटी | ११ सप्टेंबर, रात्री १०.५०

बाईंनी सातव्या भागाचं नाव काढलं म्हणून आज पहिल्यांदाच लिहितोय. इतके दिवस फक्त वाचत होतो.

तो भाग थिओ नावाच्या कर्णबधिर तरुणाच्या बाजूने आहे. जवळजवळ पूर्ण भागात बोलणं नाही. पाऊलं, दार, भांडण, सगळं त्याला जसं कळतं तसंच आपल्याला. ती भूमिका करणारा जेम्स कॅव्हर्ली स्वतः कर्णबधिर आहे. त्याच्या वडिलांचं काम करणाऱ्या नेथन लेनला या मालिकेसाठी २०२२ चा एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून ऐकू शकत नाही. आम्ही धुळ्याचे. लहानपणापासून घरात टीव्ही लागला की तो माझ्या दंडाला दोन बोटं लावतो, म्हणजे “काय म्हणाला?” मी सांगतो. सगळे हसून झाल्यावर तो हसतो. आमच्या घरातलं प्रत्येक हसू त्याच्यापर्यंत दहा सेकंद उशिरा पोहोचतं.

त्या भागाला त्याने दंडाला हात लावला नाही. एकदा मलाच कळलं नाही, एका खुणेचा अर्थ. त्यांची खुणांची भाषा अमेरिकेची, याची आपली, पण त्या प्रसंगात त्याला चेहऱ्यावरून कळलं आणि मला नाही. मी त्याच्या दंडाला दोन बोटं लावली. त्याने मला सांगितलं.

मी एकदम बघू की आठवड्याने, मला फरक पडत नाही. मी त्याच्यासोबत बघतो.

नंदुरबारची_मिरची | १२ सप्टेंबर, सकाळी ८.००

पऱ्हाटी, रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि लगेच तो भाग लावला. बाई, मी परत सुरू करते आहे. चौथ्या भागापासून.

जंक्शन_भुसावळ | १३ सप्टेंबर, रात्री ११.३०

तिन्ही भाग झाले. रनिंग रूममध्ये आम्ही तिघं एका मोबाईलवर, मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवलेला. एक पहाटे गेला, दुसरा परवा येईल. तिघांची ड्युटी जुळेपर्यंत कोणी पुढचा भाग बघायचा नाही अशी शपथ घेतली आहे. खुनी माहीत असलेला माणूस त्या खोलीत नको.

इमारतीबद्दल एक माहिती. अर्कोनिया खोटं नाव, पण बाहेरून दिसते ती इमारत खरी आहे. बेलनॉर्ड म्हणतात तिला. ब्रॉडवे आणि ८६ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, शंभर वर्षांपेक्षा जुनी, मधे मोठा चौक. घरांचं आतलं चित्रण सेटवरचं. पण तो चौक बघितला की मला आमच्या यावलच्या वाड्याचा चौक आठवतो. वरच्या गॅलरीतून कोण आलं कोण गेलं सगळं दिसायचं. अशा घरात खून लपवणं कठीण आणि प्रेम त्याहून कठीण.

तापीमाय | १७ सप्टेंबर, रात्री १२.१०

हा सिझन बघताना मला एक गोष्ट लिहावीशी वाटतेय. लांब होईल.

दुसऱ्या भागात लेस्टरची मागची गोष्ट आहे. तो तरुणपणी इथे कसा आला, काय व्हायचं होतं, कसा दारावरच राहिला. चार सिझन आपण त्याला बघत होतो आणि त्याच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. तो भाग संपला तेव्हा मी टीव्ही बंद करून बसून राहिले.

आम्ही जळगावात रिंग रोडजवळ तीन मजली अपार्टमेंटमध्ये राहतो, बारा घरं. आमच्याकडे एक काका होते, सतरा वर्षं. सगळे त्यांना काका म्हणायचे. निळी प्लास्टिकची खुर्ची, तिचा एक पाय तारेने बांधलेला, आणि जिन्याखाली लोखंडी टेबल. पाण्याची मोटार, कचऱ्याची गाडी, पोरांची स्कूल व्हॅन, सगळं त्यांच्या हातात. कोणी गावाला गेलं की चावी काकांकडे.

२०२२ च्या उन्हाळ्यात दुपारी ते खुर्चीतच गेले. हार्ट अटॅक. रुग्णवाहिका आली आणि विचारलं, यांचं पूर्ण नाव? आम्ही आठ-दहा जण उभे होतो. एकालाही सांगता आलं नाही. गाव? कोणी म्हणालं पाचोऱ्याकडचे, कोणी म्हणालं जामनेर. शेवटी दूधवाल्याने सांगितलं. गाव, भावाचं नाव, मुलगी कुठे दिली, सगळं. तो रोज पहाटे पाच मिनिटं त्यांच्यासोबत चहा प्यायचा.

नंतर टेबलाचा खण उघडला. आत अकरा घरांच्या चाव्या. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाचा दोरा. हिरवा, पिवळा, एक लाल-पांढरा पीळ घातलेला, रक्षाबंधनाच्या राखीचा असावा. तेव्हा लक्षात आलं की काकांना वाचता येत नव्हतं. सतरा वर्षं कोणाची चावी कोणाला गेली नाही. आणि वाचता येत नाही हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. वीजबिलं ते ज्याच्या त्याच्या दारात टाकायचे. कशी ओळखायचे, हे मला आजही कळलेलं नाही.

आमच्या घराचा दोरा जांभळा होता. माझ्या सासूबाईंच्या जुन्या इरकलीच्या काठाचा. त्यांनी तो कधी मागून घेतला होता हे सासूबाईंना आठवत होतं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं.

गिरणाकाठ | १७ सप्टेंबर, सकाळी ७.४०

तापीमाय, आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. चहाचा कप धुऊन पालथा घातला आणि खाली गेली. अजून आलेली नाही.

हवालदार_निवृत्त | १७ सप्टेंबर, सकाळी ९.१५

तपासात आम्ही आधी दूधवाला, पेपरवाला आणि इस्त्रीवाला गाठायचो. घरातल्यांपेक्षा जास्त त्यांना ठाऊक असतं. तापीमाय, वीजबिलं ते बहुधा मीटरच्या क्रमाने लावत असतील. बिलं टाकणारा मीटरच्या ओळीनेच गठ्ठा देतो, तो क्रम त्यांच्या पाठ असेल.

तापीमाय | १७ सप्टेंबर, सकाळी ९.५०

हवालदार काका, आत्ता खाली जाऊन मीटर बघून आले. आमचा डावीकडून चौथा. असंच असणार. तीन वर्षांनी कळलं. तुमचे आभार कसे मानू.

भरीतपार्टी | १८ सप्टेंबर, दुपारी १.००

थोडं जेवणाकडे येऊ का? ऑलिव्हर सगळी मालिका डिप खाऊन जगतो. वाटीत काहीतरी कालवलेलं आणि बुडवून खायचं. तो खान्देशात आला असता तर पोळी आणि शेवभाजीच्या रश्श्यावर त्याचं आयुष्य सुखात गेलं असतं.

केळीचा_घड | १८ सप्टेंबर, दुपारी १.२०

ठेचा हा डिपच. चार्ल्स मात्र ऑम्लेटवाला, त्याला फुनके-कढी वाढायची.

पांझरा | १८ सप्टेंबर, दुपारी १.४५

आजी म्हणते भरीत हे बुडवायचं नसतं, कळण्याच्या भाकरीने उचलायचं असतं. तुमच्या त्या म्हाताऱ्याला आधी हात धुवायला सांगा.

भरीतपार्टी | १८ सप्टेंबर, दुपारी २.३०

आजींना नमस्कार. मग असं करू. शेवटचा भाग २८ ऑक्टोबरला. त्यानंतरच्या रविवारी आमच्या असोद्याच्या मळ्यात भरीत. यंदाची पहिली वांगी तोवर येतात. पऱ्हाटीच्या जाळावर भाजू. म्हणजे कापसाच्या काड्या, आपले सभासद पऱ्हाटी नव्हे!

पऱ्हाटी | १८ सप्टेंबर, दुपारी ३.००

मी आणि भाऊ येतो. जाळ आम्ही लावू.

दादरची_भाकर | १ ऑक्टोबर, रात्री १०.०५

तुम्ही लोकांनी मला राहू दिलं नाही. गेल्या तीन दिवसांत सहा भाग बघितले, आता मीही मंगळवारच्या रांगेत.

पण एक तक्रार आहे आणि ती मनापासून आहे. या सिझनमध्ये अब्जाधीश आले आहेत. क्रिस्टोफ वॉल्ट्झ, रेने झेल्वेगर, लोगन लर्मन, तिघंही मोठे नट, कामं चोख. पण त्यांच्यामुळे इमारतीतली माणसं मागे गेली. मांजरवाला हॉवर्ड, तोंडाने फटकळ उमा, यांच्यासाठी मी ही मालिका बघतो. मोठा पाहुणा आला की घरच्यांना स्वयंपाकघरात बसवतात तसं झालंय. तिसऱ्या सिझनला मेरिल स्ट्रीप आली तेव्हा ती त्या नाटकमंडळीत मिसळली होती. तिथलं तिळ्यांचं गाणं एमी घेऊन गेलं आणि ते गाणं कथेचंच काम करत होतं. इथे अब्जाधीश कथेत बाहेरून चिकटवल्यासारखे वाटतात.

तापीमाय | १ ऑक्टोबर, रात्री ११.००

मला उलट वाटतं. वॉचमन कोणासाठी मेला, हे विचारायचं तर ज्यांच्या हातात शहर आहे ते दाखवायलाच हवेत. लेस्टरच्या जागी दारावर यंत्रमानव आणून उभा करतात, तो प्रसंग बघा. आमच्याकडे काकांनंतर वर्षभरात गेटवर कॅमेरा आणि मोबाईलवरून उघडणारं दार आलं. सोय आहे, नाकारत नाही. पण गेल्या पावसाळ्यात वरच्या आजोबांचा फोन बंद पडला आणि ते पाऊण तास पावसात उभे होते.

उमा आणि हॉवर्ड कमी दिसतात, याला मात्र अनुमोदन.

केळीचा_घड | ८ ऑक्टोबर, पहाटे ३.२०

या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची. केळीला पाणी लावलंय, पंपाच्या खोलीत बसून सातवा भाग बघितला. बाहेर काळोख, बांधावर काहीतरी खसखसलं आणि त्याच क्षणी पडद्यावर दार करकरलं. मी बॅटरी घेऊन बाहेर आलो तर रानडुकराची पिलं. परत आलो, भाग दहा मिनिटं मागे नेला आणि पुन्हा बघितला. खून खरोखर कसा बघावा तर असा.

निवृत्त_बाई_अमळनेर | २१ ऑक्टोबर, रात्री ९.३०

आज लक्ष्मीपूजन आणि नववा भाग एकाच मंगळवारी. केरसुणीची पूजा केली, नातीने रांगोळीचे हात तसेच टीव्हीला लावले, आता रिमोट गुलाबी आहे. माझा संशय पक्का झाला. नाव चिठ्ठीवर लिहून देव्हाऱ्यात लक्ष्मीच्या तसबिरीमागे ठेवलं आहे. पुढच्या मंगळवारी नातीच्या हाताने उघडणार.

गिरणाकाठ | २३ ऑक्टोबर, रात्री ११.४५

भाऊबीजेला बहीण आली. भाऊ नाही आम्हाला, आम्ही बहिणीच एकमेकींना ओवाळतो. ती पुण्याला एकही भाग न बघता थांबली होती. काल रात्री नऊला सुरुवात, पहाटे तीनला नऊही भाग. आई मधे बसून तिला सांगत होती, “आता इथे नीट बघ, हा हात.” इंग्रजी थांबवून मी आईला सांगायचे, आता आई थांबवून बहिणीला सांगते.

म्हणजे माझ्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही बाजूंनी मिळालं. एकदम बघण्यात बहिणीला कारागिरी दिसली. दुसऱ्या भागातली एक वस्तू आठव्यात परत आली ती तिने लगेच धरली, मला आणि आईला ती दिसलीच नव्हती. पण आईला सगळ्या माणसांची नावं पाठ झाली आहेत, बहिणीला नाहीत.

जंक्शन_भुसावळ | २८ ऑक्टोबर, रात्री ११.५५

संपला. आम्ही तिघं हजर होतो. एकाने त्यासाठी रजा बदलून घेतली. नाव लिहीत नाही, पण शेवटची पाच मिनिटं कोणीही अर्धवट सोडू नका, तिथे पुढची नांदी आहे. सहावा सिझनही जाहीर झाला आणि तिघं आता लंडनला जाणार.

पांझरा | २९ ऑक्टोबर, सकाळी ७.००

आजीची वही उघडली. १० सप्टेंबरला जे नाव लिहिलं होतं, त्याने काही केलेलं नव्हतं. तिला सांगितलं. ती म्हणाली, “त्यानी काही करेल नई, तरी भरोसा नकोच.”

निवृत्त_बाई_अमळनेर | २९ ऑक्टोबर, सकाळी ७.२०

माझीही चिठ्ठी चुकली. पेन्सिलवाल्या पोरांपेक्षा हे पक्के निघाले. आजींना सांगा, त्या आणि मी रविवारी शेजारी बसू. मला त्यांचा संशय सविस्तर ऐकायचा आहे.

गिरणाकाठ | २९ ऑक्टोबर, सकाळी ८.१०

आई विचारतेय, लंडनला अर्कोनियातले कोण कोण जातील आणि मागे दारावर कोण राहील.

रविवारी आम्ही तिघी येतोय, बहिणीने परतीचं तिकीट सोमवारचं केलं. आईने एक माणूस वाढवलाय. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन, शिवरे दिगरचे. पारोळ्याजवळचं गाव. भरीत त्यांच्या हातचं खाऊन बघा असं ती महिनाभर सांगतेय, १७ सप्टेंबरपासून रोज सकाळचा चहा खालीच होतो तिचा.

भरीतपार्टी | २९ ऑक्टोबर, सकाळी ८.३०

मग भाजायला तेच बसतील. वांगी वीस किलो सांगितली आहेत. कांद्याची पात, शेंगदाणे, तेल माझ्याकडे. कळण्याचं पीठ कोण आणतंय?

दादरची_भाकर | २९ ऑक्टोबर, सकाळी ८.३४

मी. दळून ठेवलंय.